खोसा भाषेतली नाती पाठ होत नाहीयेत? आधी ती इंग्रजी यादी बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नवऱ्याची बदली दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडनला झालीये, तुम्ही आहारतज्ज्ञ, पुढच्या महिन्यापासून तिथल्या एका क्लिनिकमध्ये जायचंय, तिकडे बोलतात त्या खोसा भाषेतल्या फॅमिलीच्या चाळीस शब्दांची यादी कुठून तरी मिळालीये, तीन आठवडे घोकताय तरी डोक्यात राहत नाहीये, आणि त्या भाषेतल्या क्लिकची, म्हणजे जिभेने काढायच्या टकटक आवाजांची, धास्ती आहे ती वेगळीच. शेवटी असंही विचारलंय की तिथे माझं नाव कुणाला नीट घेता आलं नाही तर काय सांगू. त्यावर शेवटी येते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्याच भागात, ईस्टर्न केप प्रांतात, चौदा वर्षं झाली, आधी मथाथाच्या बाजूला खेड्यांत आणि आता शहरात. खोसा मी वर्गात बसून शिकले नाही, वॉर्डात शिकले, आणि गेली सात-आठ वर्षं नव्याने येणाऱ्या आपल्या लोकांना रविवारी घरी बसवून शिकवते. तेव्हा जे सांगतेय ते चुका करून कळलेलं आहे.

पहिली चूक तर पहिल्याच दिवशीची. पुण्यात सरकारी हॉस्पिटलमध्ये नोकरी केलेली असल्यामुळे जिभेला वळण काय, तर वॉर्डबॉय म्हणजे मामा आणि आया म्हणजे मावशी. इथे आले, स्ट्रेचर हवं होतं, समोर पन्नाशीतला धिप्पाड माणूस उभा, आणि माझ्या तोंडून निघालं, "मामा, प्लीज." अख्खा कॉरिडॉर हसला. कारण मामा म्हणजे इथे आई. तो माणूस बिचारा मान हलवत स्ट्रेचर घेऊन आला आणि पुढे दोन वर्षं स्वतःची ओळख माझी आई अशीच करून देत होता. दुसरं आत्ताच सांगून ठेवते, काका हा शब्द इथे चारचौघांत मोठ्याने मारायचा नाही, मुलांनाही बजावून ठेवा, त्याचा इथला अर्थ संडासाशी संबंधित आहे.

आता मुद्द्यावर. तुमची यादी पाठ होत नाहीये याचं कारण ती इंग्रजीवरून केलेली आहे. त्यात अंकल म्हणून एक ओळ असेल आणि पुढे तीन शब्द, आंटी म्हणून एक ओळ आणि पुढे चार शब्द, मग माणूस गोंधळणारच ना. अहो, तुम्ही मराठी आहात, तुमच्या डोक्यात मामा वेगळा, काका वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी हे खण आधीच केलेले आहेत आणि खोशातही जवळजवळ तेच खण आहेत. इंग्रजीवाल्याला आधी खण करावे लागतात आणि मग शब्द भरावे लागतात, तुम्हाला नुसते भरायचेत.

म्हणजे बघा, आई उमामा, वडील उताता. मामा उमालूमे. मावशी उमाकाझी. आत्या उदादोबावो, यात दादे म्हणजे बहीण आणि बावो म्हणजे बाप, बापाची बहीण, संपलं. धाकटे काका उतातोम्न्चिन्चि, म्हणजे धाकटा बाप, यातले दोन्ही च साधे च नाहीत, ते क्लिक आहेत, त्याबद्दल खाली. भाचा किंवा भाची उम्चाना, आणि हा शब्द आपल्या भाच्यासारखाच बहिणीच्या पोरासाठी आहे. आजी उमाखूलू, आजोबा उतातोम्खूलू, नातवंड उम्झूकूल्वाना. मालूमे हा शब्द उलगडला तर 'पुरुष आई' असा होतो, आईचा भाऊ म्हणजे पुरुषाच्या रूपातली आई, आणि मला तर हे ऐकल्यावर आपल्या मामाच्या गावाला जाण्यातला सगळा लाड आठवला.

ताता आणि आपला जुना तात, तात्या हे सारखे वाटतात, तो निव्वळ योगायोग आहे, पण पाठांतराला फुकटात मिळालाय तर घ्या.

शब्द सुटे घोकू नका, जोडून बघा. खूलू म्हणजे मोठा, थोरला. न्चिन्चि म्हणजे लहान, धाकटा. माखूलू म्हणजे मोठी आई (आपल्याकडेही काही घरांत आजीला मोठी आईच म्हणतात), तातोम्खूलू म्हणजे मोठा बाप, थोरला भाऊ उम्खूलूवा यातही तेच खूलू. इथे एक खड्डा आहे ज्यात प्रत्येक जण एकदा पडतो. आईच्या थोरल्या बहिणीला मामोम्खूलू म्हणतात आणि आजीला माखूलू, मध्ये जेमतेम एका अक्षराचा फरक, आणि पुरुषांच्या बाजूला मात्र तातोम्खूलू हा सरळ आजोबा. तेव्हा मामोम्खूलू आणि तातोम्खूलू ही आजी-आजोबांची जोडी आहे असं समजू नका, दिसते तशी पण नाही. धाकटी मावशी मामोम्न्चिन्चि.

मावशीवरून आठवलं, यात नुसता शब्द कळून भागत नाही. मावशीला माकाझी असा शब्द आहे खरा, पण पोरं तिला सर्रास मामाच म्हणतात, आणि ती पण विचारलं की "हो, माझं मूल" म्हणून सांगते, यात खोटं काही नाही, आईची बहीण ही आईच. पहिल्या वर्षी माझ्याकडे एक सहा वर्षांचा मुलगा यायचा, पायाला कास्ट होतं, तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेगवेगळ्या बायका त्याला घेऊन आल्या आणि तिघींनी सांगितलं मी आई. मी शहाणपणा करून फाइलवर लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं, सोशल वर्करला फोन लावला. ती फोनवरच हसायला लागली. तेव्हापासून मी "आई कोण" असं न विचारता "याला जन्म कुणी दिला" आणि "हा झोपतो कुणाकडे" असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारते. तुमच्या कामात हे फारच लागेल कारण पोराच्या ताटात काय पडतं हे जिच्याकडे तो झोपतो तिलाच माहीत असतं, आणि बऱ्याचदा ती माखूलू असते.

काकांचंही तेच, वडिलांचे भाऊ म्हणजे वडीलच, थोरले किंवा धाकटे, आणि त्यांची मुलं म्हणजे भाऊ-बहीणच, आपण चुलतभावाला नुसतं भाऊ म्हणतो ना तसं. मामेभाऊ, आतेभाऊ यांना मात्र वेगळा शब्द, उम्झा किंवा उम्झाला. हल्ली शहरात पोरं सगळ्याच कझिनना उम्झा म्हणतात, चालतं.

आणि कृपा करून आपला तो मामाच्या मुलीशी लग्नाचा विनोद इथे करू नका. मी एकदा जेवणाच्या टेबलावर सांगितलं की आमच्याकडे काही समाजांत मामाची मुलगी करतात, तर सगळ्यांचे चमचे थांबले. इथे प्रत्येकाचा एक इसीदूको असतो म्हणजे कुळी म्हणा, एकाच इसीदूकोच्या मुलामुलींचं लग्न होत नाही, हे आपल्या सगोत्रासारखं झालं, पण आईच्या इसीदूकोमध्ये पण होत नाही. दोन अनोळखी तरुण भेटले की आधी इसीदूको विचारतात आणि तो जुळला तर तिथल्या तिथे भाऊ-बहीण. मंडेलांना जगभर लोक मादिबा म्हणतात ते काही टोपणनाव नाही, तो त्यांचा इसीदूको. मंडेला हे आडनाव त्यांच्या आजोबांच्या नावावरून आलं, मादिबा हे त्याच्या कितीतरी आधीचं. आणि इथे मानाची हाक कुठली, तर आडनाव नाही, इसीदूको. म्हणून नात्यांचे शब्द शिकताना हा एक शब्द यादीत घालाच, तुमच्या यादीत तो नसणार याची मला खात्री आहे.

आता भावंडं, इथे जरा दमाने घ्या. रोजच्या वापरात उभूती म्हणजे दादा आणि उसीसी म्हणजे ताई. भूती हा शब्द आफ्रिकान्समधून आलाय, आणि वापर बरोब्बर दादासारखा, म्हणजे सख्ख्या थोरल्या भावालाही आणि रस्त्यावर पत्ता विचारायचा असेल त्या तरुणालाही. जुने शब्द वेगळे आहेत. माझी बहीण उदादेवेथू. बाईने आपल्या भावाविषयी बोलायचं तर उम्नाक्वेथू. पुरुषाचा धाकटा भाऊ उम्नीनावा. म्हणजे कोण बोलतंय, बाई की पुरुष, यावर शब्द बदलतो, हे आपल्याकडे नाहीये म्हणून इथे वेळ लागतो. सुरुवातीला एकच लक्षात ठेवा, उम्न्ताक्वेथू, माझं भावंड, बहीण असो भाऊ असो, कुणीही म्हणा. याचा अर्थ होतो 'आमच्या घरचं मूल'. तुझं भावंड उम्न्ताक्वेनू, त्याचं किंवा तिचं उम्न्ताक्वाबो. यातलं क्वेथू म्हणजे आमच्याकडे, आमच्या घरी. माझं घर असं म्हणण्यापेक्षा आमच्याकडे असं म्हणणं हे आपल्याला शिकवावं लागत नाही, आपणही एकुलते एक असलो तरी "आमची आई" म्हणतोच की.

मी, तू आणि तो यांप्रमाणे बदलणारे अजून दोन आहेत, पण ते ओळखण्यापुरते ठेवा. वडिलांना तुझा बाप म्हणायचं तर उयीह्लो, त्याचा बाप उयीसे. त्याची आई उनीना. तुझी आई यासाठीचा जुना शब्द मी इथे लिहीतच नाही, कारण तो आता भांडणात वापरतात, आपल्याकडे "तुझ्या आईला" एवढं म्हटलं तरी पुढचं म्हणावं लागत नाही, तसाच प्रकार. सरळ उमामा वाखो म्हणा, तुझी आई. उमामा वाम माझी, उमामा वाखे त्याची किंवा तिची. एकदा वाम, वाखो, वाखे जमलं की ताता, भूती, सीसी, माखूलू सगळ्यांना तेच लागतं. मुलगा उन्याना वाम. मुलगी मात्र इन्तोम्बी याम, कारण तो शब्द दुसऱ्या गटातला, आणि गट बदलला की माझाचं रूप बदलतं. आपण माझा, माझी, माझं करतो ना, तीनच गट आहेत आपल्याकडे आणि इथे डझनाच्या वर, पण कल्पना तीच आहे, घाबरू नका. मूल उम्न्त्वाना वाम, मुलं आबान्त्वाना बाम. अनेकवचन शब्दाच्या शेवटी होत नाही, पुढच्या टोकाला होतं, उम चं आबा. आणि मामा, ताता वगैरेंचं उ जाऊन लांब ओ येतो, ओमामा, ओताता. याच ओताता चा अर्थ बाबा आणि त्यांच्यासोबतची मंडळी असाही होतो.

समोरच्याला हाक मारताना पहिला उ गाळायचा. "मोलो मामा", "मोलो ताता", "मोलो सीसी", अनेक जण असतील तर मोलोचं मोल्वेनी. उमामा ही आईविषयी बोलताना, मामा ही आईला हाक मारताना. हे यादीत कुणी लिहीत नाही आणि मग माणसं "मोलो उमामा" म्हणतात, ते कानाला असं लागतं जसं कुणी तुम्हाला "नमस्कार, ती आई" म्हणावं.

ही माझी सगळ्यात लाडकी गोष्ट, माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना पहिल्या रविवारी हीच सांगते. शाळेत गुणसंधी केली होती ना, अ आणि उ चा ओ, अ आणि इ चा ए, महा अधिक उत्सव महोत्सव, गण अधिक ईश गणेश? खोशात हुबेहूब तेच आहे. 'ना' म्हणजे आणि, सोबत. ना अधिक उमामा म्हणजे नोमामा. आई-वडील म्हणजे "उताता नोमामा". ना अधिक इन्तोम्बी म्हणजे नेन्तोम्बी. आणि 'माझ्याकडे आहे' हे पण याच ना वर उभं आहे, म्हणून मला मुलगी आहे म्हणजे "न्दीनेन्तोम्बी", मला मुलगा आहे "न्दीनोन्याना", मला भाऊ आहे "न्दीनोभूती", मला दोन मुलं आहेत "न्दीनाबान्त्वाना आबाबीनी". माझ्या बरोबरीच्या इंग्रज मुलीला हे तीन महिने कळत नव्हतं, कुठून ओ येतो आणि कुठून ए, आणि मी मराठी शाळेतल्या व्याकरणाच्या बाईंना मनातल्या मनात नमस्कार करत होते. नाही म्हणायचं असेल तर मात्र संधी होत नाही, पुढचा स्वर गळतो, मला भाऊ नाही "आन्दीनाभूती".

उच्चारातही आपली चांदी आहे. इंग्रजीवाले त्या रोमन लिपीतलं पी-एच बघून फ्फ करतात, टी-एच बघून थँक्यूवाला आवाज काढतात. तुम्ही फुलातला फ, थंडीतला थ, खिडकीतला ख म्हणा, झालं. साधा त, प, क मात्र जरा कोरडा, घशातून तोडल्यासारखा, तो ऐकून येईल. आणि शेवटून दुसरं अक्षर लांबवा, माऽमा, ताऽता, माखूऽलू, एवढं केलं तरी तुम्ही निम्म्या इथल्या वाटता.

क्लिक तीन मुख्य. रोमन सी लिहितात तो म्हणजे आपण कुणाची कीव आली की च्च् च्च् करतो तो, दातांमागे जीभ. क्यू म्हणजे पोरं टाळ्याला जीभ लावून टॉक्क करतात तो. एक्स म्हणजे गाडीवान बैलांना हाकताना गालाच्या बाजूने काढतो तो. म्हणजे तिन्ही तुम्हाला येतात, फक्त शब्दाच्या मध्ये काढायची सवय नाही. आणि आनंदाची बातमी अशी की वर मी जेवढी नाती सांगितली त्यांत धाकटाचा न्चिन्चि सोडला तर क्लिक नाहीच. क्लिकला घाबरून नाती सोडायची काही गरजच नाही. न्चिन्चि जमेपर्यंत धाकट्या काकांना नुसतं ताता म्हणा, कुणी वाईट मानत नाही.

जिथे वाईट मानतात ते आता. खोसा मुलगा जोपर्यंत दीक्षेला, उल्वालूकोला (म्हणजे पोरगा पुरुष होतो तो सुंतेचा विधी), जाऊन येत नाही तोपर्यंत तो इन्क्वेन्क्वे म्हणजे पोरगा, आणि जाऊन आला की इन्दोदा म्हणजे पुरुष. मंडेलांची दीक्षा १९३४ साली झाली, सोळा वर्षांचे होते, तेव्हा त्यांना दालीबुंगा हे नाव मिळालं. आता यादीत इन्क्वेन्क्वे समोर बॉय लिहिलेलं असतं, आणि मी विशीतल्या एका पेशंटबद्दल त्याच्यासमोर नर्सला म्हणाले, या इन्क्वेन्क्वेचा एक्स-रे कुठे आहे. तो उठून चालू लागला, फ्रॅक्चर असताना. नर्सने मागे जाऊन समजूत घातली. मोठ्या माणसाला इन्क्वेन्क्वे म्हणणं ही नुसती चूक नाही, शिवी आहे. तरुण दिसला की डोळे झाकून भूती म्हणा. तसंच उम्फाझी म्हणजे बायको किंवा बाई हे पुस्तकात असतं, पण समोरच्याला "तुझी उम्फाझी" म्हणू नका, इन्कोसीकाझी म्हणा. इन्कोसी म्हणजे राजा, सरदार, त्याचं बायकी रूप, म्हणजे आपल्या मालकीणबाई. नवरा उम्येनी.

तू आणि तुम्ही असा भेद रोजच्या बोलण्यात नाहीये, त्यामुळे आदर सगळा त्या नात्याच्या शब्दात बसवलेला असतो. ताता, मामा न लावता बोललं की ते अरे-तुरे होतं. वाक्य अर्धवट येईना का, शेवटी मामा लावा.

सुनेचं जग वेगळंच आहे आणि ते मी दहा ओळींत मांडू शकत नाही, पण चुणूक देते. नवी नवरी म्हणजे उमाकोती, सासू उमामाझाला. लग्न झालं की सासरचे तिला नवीन नाव देतात, बरेचदा नो ने सुरू होणारं, आपल्याकडे ताटात तांदळावर नाव लिहितात तसं. आणि ह्लोनीफा पाळतात, म्हणजे सुनेने सासऱ्याचं आणि त्या बाजूच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही. आपण म्हणू यात काय, आमच्याकडे पण नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेतात. पण इथे नावातला आवाजसुद्धा टाळायचा, म्हणजे सासऱ्याच्या नावात एखादं अक्षर असेल तर ते अक्षर ज्या ज्या रोजच्या शब्दात येईल तो शब्दच बदलायचा, आणि त्यासाठी बायकांचा वेगळा शब्दसंग्रह तयार झाला. बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे की क्लिक शेजारच्या खोइसान लोकांच्या भाषांतून इकडे मुरले त्यात या टाळाटाळीचा मोठा हात आहे. शहरात हे खूप कमी झालंय, खेड्यातल्या वयस्कर बायकांच्या बोलण्यात अजून ऐकू येतं, त्यामुळे एखादी आजी पुस्तकातला शब्द सोडून भलताच शब्द वापरत असेल तर तुमचं काही चुकलंय असं समजू नका, शेजारच्या नर्सला विचारा.

तर आता करायचं काय. त्या चाळीस शब्दांवर फुली मारा. मोबाइलमध्ये तुमच्याच घरातले बारा-तेरा फोटो काढा आणि प्रत्येकासमोर मोठ्याने बोला, "लो न्गूमामा वाम", ही माझी आई, "लो न्गूभूती वाम", हा माझा दादा, "लो न्गूमालूमे वाम", हा माझा मामा, मुलगी असेल तर "लो यीन्तोम्बी याम". नागपूरच्या आत्याला दादोबावो म्हणून बघितलं की तो शब्द विसरत नाही, छापील आंटीला म्हटला की विसरतो. आणि क्लिनिकमध्ये गेल्यावर तेच फोटो दाखवा, वेटिंग रूममधल्या बायका तुमच्या खानदानाची चौकशी करतील, चुका दुरुस्त करतील, माझ्या आत्याचा फोटो बघून तर एकीने अर्धा तास तिच्या दादोबावोच्या तक्रारी सांगितल्या. ८१ लाखांच्या वर लोकांनी २०११ च्या जनगणनेत ही आपली मातृभाषा म्हणून सांगितलीये, बोलायला माणूस मिळणार नाही असं होणार नाही.

आणि तुमच्या नावाचं. इथे लग्न झालं तरी बाई आपला माहेरचा इसीदूको सोडत नाही, त्याच्यापुढे मा किंवा माम लावून तिला हाक मारतात, दलामिनींच्या घरची असेल तर मादलामिनी, भेलेंची असेल तर माम्भेले, आणि म्हातारपणीसुद्धा तीच मानाची हाक. तुम्हाला कुणीतरी पहिल्याच आठवड्यात विचारेल, "न्गूबानी इसीदूको साखो?" तेव्हा गोत्र-बित्र समजावत बसू नका, माहेरचं आडनाव सांगा. मी सांगितलं होतं शिंदे. बॅजवर चौदा वर्षं सासरचं आडनाव आहे, पण वॉर्डात फोन करून ते विचारलंत तर अशी कुणी इथे नाही म्हणून सांगतील, माशिंदे विचारा.